‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ सहा जणांनी मिळून वाचताना ठेवलेल्या नोंदी (पुणे, जून ते ऑगस्ट २०२५)

या नोंदी हेच पुस्तक गटाने वाचायला घेणाऱ्यांसाठी आहेत. शेवट कुठेही फोडलेला नाही. खंजिराचा धागा मात्र प्रकरण ३१ पर्यंत उघड लिहिला आहे, कारण आमची सगळी पद्धत त्यावरच उभी राहिली. तेवढंही आधी कळायला नको असेल, तर २४ जूनची नोंद ३१ वाचून झाल्यावर वाचा.

१ जून, रविवार

पुस्तक : जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कल्पित राज्यांवरच्या कादंबरीमालिकेतला पहिला खंड, १९९६ साली आलेला. वाचक सहा, सगळे मराठी माध्यमातले, इंग्रजी रोजच्या कामापुरतं चांगलं. बैठक दर रविवारी दहा ते बारा, सदाशिव पेठेत.

मजकूर सुमारे ३ लाख शब्दांचा आहे. पहिली दहा पानं घड्याळ लावून वाचली, तेव्हा सरासरी वेग मिनिटाला १३० शब्द निघाला. म्हणजे नुसतं वाचायला ३८-३९ तास आणि एका प्रकरणाला अर्धा-पाऊण तास. त्यावरून आठ आठवडे, आठवड्याला नऊ प्रकरणं असा बेत ठरवला. (हा बेत दुसऱ्याच रविवारी कोसळला. मागे जाऊन पुन्हा वाचायचा वेळ यात धरलाच नव्हता. तुम्ही निघालेल्या तासांची दीडपट धरा.)

आजच करून टाकायचं एक काम : प्रकरणांना पेन्सिलीने क्रमांक घाला. पुस्तकात क्रमांक नाहीत. ज्याच्या नजरेतून ते प्रकरण सांगितलंय त्याचं नाव तेवढं वर असतं, आणि ‘एडार्ड’ हे एकच शीर्षक १५ वेळा येतं. केटलिन ११, डेनेरिस १०, जॉन ९, टिरियन ९, ब्रॅन ७, सॅन्सा ६, आर्या ५. एकूण ७२. आधीच्या पूर्वकथेला ० द्या. पान क्रमांकांवर विसंबू नका. आमच्यात तीन वेगवेगळ्या आवृत्त्या निघाल्या आणि शेवटाकडे त्यांच्यात साठ-सत्तर पानांचा फरक पडला. खालच्या नोंदींतले सगळे आकडे या पेन्सिलीच्या क्रमांकांचे आहेत.

वय १८ पूर्ण असलेल्यांनाच गटात घेतलं. हे पुस्तक मोठ्यांचं आहे, आणि ते केवळ रक्तपातामुळे नाही. डेनेरिस १३ वर्षांची आहे आणि ११ व २३ मध्ये तिच्या लग्नाचं जे येतं ते वाचायला जड जातं. ही दोन प्रकरणं आणि ८ चा शेवट, याची कल्पना सगळ्यांना आधीच दिली. ज्यांना नको त्यांनी ती पानं सोडायची, मग इतरांनी दोन वाक्यांत काय घडलं ते सांगायचं, असं ठरलं.

८ जून, रविवार

नऊऐवजी सहाच झाली, ० ते ५. कारणं दोन.

पहिलं कारण प्रतींचं. दोघांनी रस्त्यावरून २५०-२५० रुपयांना घेतलेल्या प्रती पायरेटेड निघाल्या. सुरुवातीचे नकाशे इतके काळे छापलेले की उत्तर आणि दक्षिण सोडून काही वाचता येत नाही, आणि शेवटची घराण्यांची यादी गायब. एका प्रतीत १६ पानांचा एक गठ्ठा दोनदा बांधलाय, म्हणजे तेवढीच पानं दुसरीकडून गेलेली असणार. ५०० रुपये वाया. नवीन प्रती ५९९ ला एक अशा घेतल्या. पुस्तक हातात घेतल्यावर आधी तीन गोष्टी बघा : पुढचे नकाशे, मागची यादी, आणि मधे कुठेही उघडून सलग पन्नास पानांचे क्रमांक. चांगल्या प्रतीतल्या नकाशांच्या ए-थ्री आकारात रंगीत प्रती काढल्या, सहाचे १८० रुपये.

दुसरं कारण खरं महत्त्वाचं. पूर्वकथेतली माणसं संपली, आता ती विसरायची, असं समजून सगळे पुढे गेले. पूर्वकथेत गॅरेड नावाचा म्हातारा पहारेकरी थंडीने गेलेले आपले कान दाखवतो. बोटंही गेलेली. लगेच पुढच्या प्रकरणात सात वर्षांचा ब्रॅन एका फरार माणसाचा शिरच्छेद बघतो. त्या माणसाचं नाव त्या प्रकरणात येत नाही. एवढंच येतं की त्याचे दोन्ही कान आणि एक बोट थंडीने गेलंय. सहापैकी एकालाच ते जुळलं. बाकीच्यांना तो कुणीतरी गुन्हेगार वाटला, त्यामुळे तो कशाला घाबरून पळाला होता हेही हातून निसटलं. ब्रॅनला ते माहीत नाही, न्याय करणाऱ्या त्याच्या बापाला, एडार्डलाही नाही. ते फक्त वाचकाला माहीत आहे. हे पुस्तक असंच चालतं हे तिथेच ओळखायला हवं होतं. आम्हाला आणखी दोन आठवडे लागले.

१५ जून, रविवार

हा आठवडा फुकट गेला, म्हणून सविस्तर लिहितो.

पात्रं फार, तेव्हा आधी वंशावळ करू असं ठरलं. अप्पा बळवंत चौकातून चार कार्डशीट आणि रंगीत पेनं आणली (२१० रुपये) आणि मागच्या यादीवरून स्टार्क, लॅनिस्टर, बॅरेथियन, अॅरिन, टली, टायरेल, ग्रेजॉय, मार्टेल, टार्गेरियन अशी सगळी घराणी उतरवायला बसलो. पूर्ण बैठक आणि घरचे तीन तास त्यात गेले. वाचन फक्त ६ ते ९, म्हणजे चारच प्रकरणं.

तक्ता देखणा झाला, उपयोग शून्य. यादीत सगळी माणसं सारख्याच मापाने येतात. या खंडात एकदाच नाव येणारा सरदार आणि ज्याच्यावर सगळी कथा फिरते तो, दोघांना तक्त्यावर सारखाच चौकोन. कोण कुणाचा मामा हे कळलं, पण कोण कुणावर का विश्वास ठेवतो हे कळलं नाही. आणि दर वेळी मान वर करून भिंतीकडे बघितलं की वाचनाची लय तुटते.

तक्त्यातून वाचवण्यासारखं एकच निघालं, ते म्हणजे एका नावाची अनेक माणसं. जॉन स्नो आणि जॉन अॅरिन. राजा रॉबर्ट, केटलिनची बहीण लायसा हिचा मुलगा रॉबर्ट, आणि स्टार्कांचा रॉब. ब्रॅन हा ब्रॅंडन, त्याचा मेलेला काका ब्रॅंडन, आणि दंतकथेतला बांधकाम करणारा ब्रॅंडन. आजोबाचं नाव नातवाला ठेवण्याची आपल्याकडची रीतच आहे ही, पेशव्यांच्या घराण्यातही दोन बाजीराव आणि दोन माधवराव आहेतच. या नावांची एक चिठ्ठी करून पुस्तकात ठेवली. वंशावळीपैकी एवढंच करा, दहा मिनिटांत होतं.

त्याच चिठ्ठीवर स्टार्कांच्या मुलांची वयं लिहा : रॉब आणि जॉन १४, सॅन्सा ११, आर्या ९, ब्रॅन ७, रिकन ३. गटातल्या दोघांनी २०११ ची दूरचित्रवाणी मालिका बघितलेली होती आणि त्यांच्या डोळ्यांपुढे मोठी मुलंच येत होती. त्यामुळे रॉबने घेतलेले निर्णय त्यांना कच्चे वाटायचे. चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती घर आणि सैन्य आलंय हे धरून वाचलं की प्रत्येक प्रसंगाचं वजन बदलतं. अल्पवयीन मुलाच्या नावाने कारभार कसा चालतो हे पुण्यात वेगळं समजवायला नको. सवाई माधवराव ४० दिवसांचा असताना पेशवाईची वस्त्रं आली आणि कारभार बारभाईंनी बघितला.

२४ जून, मंगळवार

रविवारी पालख्या पुण्यातून निघाल्या, रस्ते बंद, म्हणून बैठक आज. १० ते १५ झाली. आठवड्याला सहा प्रकरणं असा नवा बेत पक्का केला.

आज पद्धत बदलली. बदल सुचवला तो इतिहासाची कागदपत्रं वाचायची सवय असलेल्या एका वाचकाने. त्यांचं म्हणणं असं : ही ७२ प्रकरणं म्हणजे आठ बखरी आहेत. प्रत्येक बखरकाराला जेवढं दिसलं आणि जेवढं कुणी सांगितलं तेवढंच त्यात आहे. वि. का. राजवाड्यांनी बखरीपेक्षा अस्सल पत्राला मान दिला, कारण ऐकीव माहिती एकाकडून दुसऱ्याकडे जाताना बदलते. मग आपणही प्रत्येक गोष्टीला विचारायचं, हे कुणी बघितलं, आणि कुणी नुसतं ऐकलं?

दोनशे पानी वही घेतली, १२० रुपये. प्रत्येक पानाला पाच रकाने : प्रकरण, गोष्ट काय, कुणाला कळली, कुणाकडून, पुरावा काय. वंशावळ भिंतीवरून उतरवली.

खंजिराचं पान नमुना म्हणून देतो. १५ पर्यंतच्या ओळी आज लिहिल्या, बाकीच्या जसजसं वाचलं तशा भरत गेलो.

१४ : ब्रॅनच्या खोलीत मारेकरी. हातातला खंजीर व्हॅलेरियन पोलादाचा, मूठ ड्रॅगनच्या हाडाची. अशा फाटक्या माणसाकडे एवढं भारी हत्यार असणार नाही, कुणीतरी दिलेलं असणार, असा अंदाज. पुरावा : खंजीर स्वतः, ब्रॅनच्या आईच्या, केटलिनच्या, हातावरच्या जखमा. भक्कम.

१८ : राजधानीत राजाचा खजिनदार पीटर बेलिश सांगतो की खंजीर माझाच होता. युवराजाच्या वाढदिवसाच्या सामन्यात मी जेमी लॅनिस्टरवर पैज लावली, तो हरला, आणि खंजीर त्याच्या भावाकडे, टिरियनकडे गेला. पुरावा : बेलिशचा शब्द. दुसरं काही नाही.

२० : एडार्ड राजधानीत पोचतो, केटलिनला गुपचूप भेटतो, आणि हीच गोष्ट त्याच्याकडे जाते. आता ती ऐकीवाची ऐकीव झाली, पण एडार्डच्या डोक्यात ती पक्की बसली.

२८ : केटलिन या माहितीवर सगळ्यांसमोर पाऊल उचलते. इथून माघार नाही.

३१ : टिरियन म्हणतो, मी माझ्या घरच्यांविरुद्ध कधीच पैज लावत नाही.

१८ ते ३१, तेरा प्रकरणं, दोन बलाढ्य घराणी एका माणसाच्या तोंडी शब्दावर युद्धाकडे सरकत राहतात. ‘पुरावा’ हा रकाना नसता तर ३१ मधलं ते एक वाक्य आमच्या हातून नक्की निसटलं असतं. टिरियन ते म्हणतो आणि प्रकरण तिथेच संपतं. वहीत मात्र १८ च्या ओळीसमोर पुराव्याचा रकाना रिकामा होता, आणि हे वाक्य थेट तिथे जाऊन बसलं.

त्याच दिवशी मागे जाऊन आणखी एक पान उघडलं : राजाचा आधीचा कारभारी आणि लायसाचा नवरा जॉन अॅरिन याचा मृत्यू. ६ मध्ये केटलिनला बहिणीचं पत्र येतं, दोन तळांच्या लाकडी पेटीत लपवलेलं, लहानपणीच्या खासगी भाषेत लिहिलेलं. त्यावरून ठरतं की अॅरिनला लॅनिस्टरांनी मारलं. पत्र अस्सल, हस्ताक्षर बहिणीचं, म्हणून सगळ्यांनी पुरावा ‘भक्कम’ लिहिला. मग वाद झाला. पत्र अस्सल आहे म्हणजे त्यातला मजकूर खरा आहे असं होत नाही. शेवटी एका ओळीच्या दोन केल्या : ‘पत्र लायसाचं आहे’ हे सिद्ध, ‘अॅरिनला लॅनिस्टरांनी मारलं’ हे लायसा म्हणते. तुमच्या वहीतही हा भेद पहिल्यापासून ठेवा, पुढच्या खंडांतही तो लागतो.

२९ जून, रविवार

१६ ते २०. पाचच, कारण १५ आणि १६ परत वाचली. नदीकाठचं भांडण सॅन्साच्या नजरेने आधी आपल्यासमोर घडतं, आणि लगेच पुढच्या प्रकरणात ती राजासमोर साक्षीला उभी राहते. आपण बघितलेलं आणि ती सांगते ते शेजारी ठेवून वाचा. आठ बखरकारांमध्ये कोण काय गाळतं याची परीक्षा इथे आयती मिळते.

उरलेला वेळ शब्दांवर गेला. चिलखताचे भाग आणि घोड्यांचे प्रकार शोधत बसू नका. त्यावाचून काही अडत नाही, आणि त्यात आमचा आठवड्याला तासभर जात होता. पद आणि नातं सांगणारे शब्द मात्र नेमके लागतात. आमचे काही निर्णय :

‘हँड’ला, म्हणजे राजाच्या नावाने कारभार करणाऱ्याला, आम्ही आधी पेशवा म्हणत होतो. ते चुकलं. बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये पेशवे झाले, १७२० मध्ये मुलगा बाजीराव, आणि पद घराण्यातच राहिलं. त्यामुळे पेशवा म्हटलं की वंशपरंपरागत आणि धन्याला डोईजड होऊ शकणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. इथे तसं नाही. राजाची मर्जी आहे तोवर पद, आणि अॅरिनच्या मुलाचा त्यावर हक्क आहे असं कुणी मनातही आणत नाही. ३३ मध्ये जे घडतं ते ‘पेशवा’ डोक्यात ठेवून वाचलं तर कळणारच नाही. ‘मुतालिक’ बरोबर बसतो : दुसऱ्याचा शिक्का घेऊन दुसऱ्याच्या नावाने कारभार करणारा.

थिऑन ग्रेजॉयसाठीचा ‘वॉर्ड’ शब्दकोशात बघितला तर ‘पाल्य’ मिळतो. तो घेऊन वाचलं तर थिऑन म्हणजे घरात वाढलेला पोरका मुलगा वाटतो. बरोबर शब्द ओलीस. बाप पुन्हा उठला तर मुलाचं मुंडकं, असा तो व्यवहार आहे. शाहू महाराज १६८९ ते १७०७ मोगलांच्या छावणीत होते. मान होता, सोय होती, सुटका नव्हती. तो नमुना डोळ्यांपुढे ठेवला की थिऑनचं प्रत्येक वाक्य वेगळं ऐकू येतं.

याउलट एडार्ड आणि रॉबर्ट लहानपणी अॅरिनकडे वाढले ते ओलीस म्हणून नव्हे. तिथे ‘सांभाळायला ठेवणं’ पुरे. हे दोन शब्द वेगळे ठेवले नाहीत तर पंधरा वर्षांपूर्वीच्या बंडाचं कारणच समजत नाही. वेड्या राजाने या दोन पोरांची मुंडकी मागितली, आणि ज्याने त्यांना वाढवलं त्याने ती देण्याऐवजी निशाण उभारलं.

बॅनरमन : मांडलिक सरदार. कॅस्टेलन : किल्लेदार. सेलस्वर्ड : गारदी, पैशावर लढणारा. बास्टर्ड : लेकावळा. आणि लेकावळ्यांची आडनावं मुलखावरून पडतात. उत्तरेत स्नो, नद्यांच्या मुलखात रिव्हर्स, अॅरिनांच्या मुलखात, व्हेलमध्ये, स्टोन. आडनाव बघितलं की मुलूख कळला.

२० मधला दरबार मात्र हळू वाचा, आकडे लिहून घ्या. तिजोरीवर ६० लाख सोन्याच्या मोहरांचं कर्ज, त्यातलं सुमारे निम्मं एकट्या टायविन लॅनिस्टरचं, म्हणजे राणीच्या बापाचं. आणि सामन्याची बक्षिसं : पहिल्याला ४० हजार, दुसऱ्याला २०, घोळक्याच्या लढाईला २०, तिरंदाजीला १०. एकूण ९० हजार, म्हणजे कर्जाच्या दीड टक्का. कर्जाच्या मानाने रक्कम किरकोळ आहे, पण तीही उसनीच आणावी लागणार आहे. राज्य सावकाराच्या ओट्यावर बसलंय हे इथे उघड होतं, आणि पुढे लॅनिस्टरांना कुणी हात का लावत नाही याचं उत्तर या अर्ध्या पानात आहे.

६ जुलै, रविवार

२१ ते २६. आषाढी, चौघेच आले. बैठक तासाभरात आटोपली.

पुस्तक ऐकणाऱ्या वाचकाची अडचण : रॉय डॉट्रिस यांचं वाचन सुमारे ३४ तासांचं आहे आणि ते सुरेख आहे. २२४ पात्रांना वेगवेगळे आवाज दिल्याबद्दल त्याची गिनेसमध्ये नोंद आहे. पण नावाचं स्पेलिंग कळत नाही, त्यामुळे वहीतली नोंद दुसऱ्याच्या नोंदीशी जुळत नाही. उपाय म्हणून आधी कागदावर वाचायचं, मग तेच प्रकरण चालताना ऐकायचं. उलट्या क्रमाने केलं तेव्हा दोन वेळा वेगळ्याच माणसाच्या नावावर ओळ चढली.

१३ जुलै, रविवार

२७ ते ३२. एक फसलेला प्रयोग.

कामाच्या गर्दीत एका वाचकाने वेळ वाचवायला एकेका नावाची प्रकरणं सलग वाचायचं ठरवलं. आधी टिरियनची सगळी, मग बाकीची. २१ मध्ये टिरियन उत्तरेच्या भिंतीवर उभा आहे, ७०० फूट उंचीवर. त्याचं पुढचं प्रकरण ३१, आणि त्यात तो डोंगरातल्या वाटेवर कैदी आहे. मधे काय झालं? ते २८ मध्ये आहे, केटलिनच्या नावाखाली. म्हणजे त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रसंग त्याच्या स्वतःच्या प्रकरणात नाहीच. वाचकाला वाटलं की आपल्या प्रतीतली पानं गेली. साडेतीन तास वाया, आणि पुढचं कळून बसल्यामुळे पुढचे दोन आठवडे वहीत लिहिण्याचं काम त्यांच्याकडून काढून घ्यावं लागलं.

फक्त डेनेरिसची दहा प्रकरणं अशी सलग वाचता येतात, कारण ती समुद्रापलीकडे आहे. लेखकाने ती प्रकरणं ‘ब्लड ऑफ द ड्रॅगन’ नावाने वेगळी छापलीही होती आणि त्या दीर्घकथेला १९९७ चा ह्युगो मिळाला. तरी पहिल्या वाचनात तीही क्रमानेच घ्या. २३ मध्ये तिच्याकडे जे कळतं, त्यावर ३३ मध्ये हजारो मैलांवर दरबार बसतो, आणि त्या दरबारात ठरलेलं तिच्यापर्यंत पोचतं ५४ मध्ये. बातमी जायला दहा प्रकरणं, निर्णय यायला एकवीस. या पुस्तकात डोमकावळा, जहाज आणि घोडा यापेक्षा वेगाने काहीच जात नाही. सलग वाचलं तर हा उशीर जाणवत नाही, आणि राजकारण सगळं त्या उशिरात आहे. वहीत सहावा रकाना वाढवला : ‘कधी पोचली’.

३२ मधलं तळघर दोनदा वाचलं. आर्या अंधारात दोन माणसांचं बोलणं ऐकते आणि बापाला जाऊन सांगते, पण नऊ वर्षांच्या पोरीने सांगितल्यासारखं, अर्धवट, उलटसुलट. एडार्ड ते हसण्यावारी नेतो. नावं येत नाहीत. पण दोघांपैकी एक अवाढव्य जाड असून पावलं हलकी टाकतो, प्रत्येक बोटात अंगठी आहे, पिवळी दाढी मधोमध दुभागलेली आहे. हे वर्णन वहीत शब्द न बदलता उतरवा आणि प्रकरण ३ काढा. बाकी सांगत नाही.

किंडलवर वाचणाऱ्याने अशा वेळी शोधाची सोय वापरू नये. नाव टाकलं की पुढच्या प्रकरणांतल्या ओळीही समोर येतात. एकाला एक मृत्यू असाच कळला. मागचं शोधायला वहीच वापरा.

२० आणि २७ जुलै

३३ ते ३८, मग ३९ ते ४४. दोन्ही आठवडे वेळेत. आता एका प्रकरणाला २५ मिनिटं पुरतात, वहीत दोन-तीनच ओळी पडतात. एवढंच सांगतो की लोकांचे केस आणि डोळे कोणत्या रंगाचे आहेत हे जिथे जिथे येतं तिथे लिहून ठेवा. एडार्ड ज्या जाड वंशावळीच्या ग्रंथात डोकं घालून बसतो, तो ग्रंथ कंटाळवाणा म्हणून ओलांडू नका. आमची भिंतीवरची वंशावळ निरुपयोगी होती, त्या ग्रंथातली नाही. नावं आणि नाती आम्हीही उतरवली होती. त्या ग्रंथात त्याखेरीज आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे.

३ ऑगस्ट, रविवार

४५ ते ५०. पूर्ण दोन तास एकट्या ४५ वर गेले.

इथे एक सज्जन माणूस आपल्याला कळलेली गोष्ट ज्याच्याविरुद्ध ती वापरायची त्यालाच आधी सांगतो, आणि कारण दयेचं असतं. सहापैकी चौघांनी त्याला मूर्ख ठरवलं. मग ‘कुणाला कळली’ हा रकाना सलग वाचला. या प्रकरणापर्यंत ती गोष्ट त्याच्या बाजूच्या एकालाही माहीत नाही. राजाला नाही, राजाच्या भावांना लिहिलेलं नाही, घरी कळवलेलं नाही. दया दाखवणं ही चूक होती असं माझं मत नाही. एकट्यानेच माहिती बाळगून दया दाखवणं ही चूक. मुलांचे जीव वाचवायचे तर आधी चार ठिकाणी पत्रं पाठवायची, मग सांगायला जायचं. गटात यावर एकमत झालं नाही, आणि मतं वहीत नावांनिशी लिहून ठेवली.

१० ऑगस्ट, रविवार

५१ ते ५७. ४९ मध्ये जे फिसकटतं, त्याचा एक धागा ५१ मध्ये आहे, सॅन्साच्या आठवणीतल्या दोन-चार वाक्यांत. पाच जणांनी ते वाचलं आणि पुढे गेले. वहीत ‘हे कुणाकडून फुटलं?’ अशी मोकळी ओळ असल्यामुळे सहावा वाचक तिथे अडखळला. ५१ घाईने वाचू नका.

१७ ऑगस्ट, रविवार

५८ ते ६४. मालिका बघितलेल्या दोघांना आजपासून बोलायला बंदी, त्यांनीच मागून घेतली. ६५ कुणी घरी एकट्याने वाचायचं नाही, पुढच्या बैठकीत सुरुवातीलाच वाचायचं, असं ठरलं.

२४ ऑगस्ट, रविवार

६५ ते ७२, संपलं. बैठक चार तास चालली. ६५ मोठ्याने वाचलं. संपल्यावर वीस मिनिटं कुणी वही उघडली नाही. त्यासाठी वेळ राखून ठेवा, लगेच ६६ ला हात घालू नका.

हिशोब : बैठका तेरा. दर माणशी वाचन सरासरी ५२ तास, त्यात मागे जाऊन वाचलेले १३ तास. वाया गेलेला वेळ साधारण नऊ तास (वंशावळ, शब्दकोश, सलग वाचनाचा प्रयोग). खर्च प्रती सोडून ५१० रुपये, पैकी कार्डशीट आणि पेनांचे २१० फुकट.

बुधवारी गणपती, म्हणून पुढचा खंड विसर्जनानंतर घेणार. त्यात शीर्षकांना दोन नवी नावं येतात, तेव्हा दोन नव्या बखरकारांसाठी पानं मोकळी ठेवली आहेत. जुन्या वहीत ८८ ओळी झाल्या होत्या. त्यातल्या ६९ मिटल्या. उरलेल्या १९ आज पेन्सिलीने नव्या वहीत उतरवल्या. लायसाच्या पत्राची दुसरी ओळ त्यात आहे. खंजिराचंही तसंच : तो टिरियनकडे गेला नसेल तर मारेकऱ्याच्या हातात कुणी दिला, हा रकाना रिकामाच आहे, आणि तो तिसऱ्या खंडापर्यंत भरायचा नाही.